पणजीतली कंपनी कायदा आणि विलीनीकरण परिषद : यंदा भाषणं कमी करून एकच फाईल दोन दिवस चालवावी का?

मांडवीतीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

पणजीत दर वर्षी होणाऱ्या आपल्या दोन दिवसांच्या परिषदेची आखणी सुरू झाली आहे. सीए, सीएस (कंपनी सचिव), वकील, कंपन्यांचे वित्त अधिकारी आणि विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी मिळून शंभर-सव्वाशे माणसं येतात. आजवरचा साचा ठरलेला: आठ वक्ते, प्रत्येकी पाऊण तास, पडद्यावर कंपनी कायदा २०१३ ची विलीनीकरणाची कलमं, २३० ते २४०. कलमं तर प्रत्येकाच्या फोनवर असतात. अर्ज दाखल करायला बसल्यावर कुठला कागद अडतो, हे मात्र भाषणात येत नाही.

म्हणून यंदा एकच काल्पनिक फाईल घ्यावी आणि दोन दिवस तीच पुढे न्यावी असं सुचवतो.

'अ' कंपनी: नोंदणीकृत कार्यालय पणजी. कळंगुटला स्वतःच्या जागेवर हॉटेल, पिळर्ण औद्योगिक वसाहतीत भाडेपट्ट्याच्या प्लॉटवर हॉटेलची लॉन्ड्री. चार वर्षांचा साचलेला तोटा. 'ब' कंपनी: नोंदणीकृत कार्यालय पुणे, खाद्यपदार्थांचा नफ्यातला धंदा. दोन्ही असूचीबद्ध (शेअर बाजारात नसलेल्या), भागधारक एकाच गोवेकर घराण्याच्या दोन शाखा. 'अ' ही 'ब' मध्ये विलीन व्हायची आहे. 'अ' मधले १४ टक्के शेअर्स ज्यांच्या नावावर आहेत ते गृहस्थ वारले आहेत. पत्नी हयात, दोन मुलं, त्यातला एक लिस्बनला स्थायिक.

या फाईलमध्ये काय घालायचं, काय वगळायचं, आणि कोणत्या टप्प्याला किती वेळ द्यायचा, ते तपशिलात सांगा.

---

फोंड्याची_सीएस

कल्पना उत्तम आहे. दोन्ही कंपन्या एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाखाली येतात, म्हणून एकच संयुक्त अर्ज करता येतो, हे फाईल ठरवताना बरं साधलंय. 'ब' जर बेळगावची असती तर बंगळुरू खंडपीठात वेगळा अर्ज लागला असता. हा फरक पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकावा.

फर्स्ट मोशनला, म्हणजे सभा बोलावण्याच्या पहिल्या अर्जाला, अख्खी सकाळ द्या. माणसं गटागटाने टेबलांवर बसवा आणि प्रत्येक टेबलावर कोरे फॉर्म ठेवा: एनसीएलटी-१ अर्ज, एनसीएलटी-२ सूचना, एनसीएलटी-६ प्रतिज्ञापत्र, सीएए-२ सभेची नोटीस, सीएए-३ प्राधिकरणांना नोटीस. आणि तारखा मागून पुढे मोजायला लावा, म्हणजे सभेचा दिवस धरून उलट्या. नोटीस सभेच्या किमान एक महिना आधी. वर्तमानपत्रातली जाहिरात किमान ३० दिवस आधी, एक इंग्रजी आणि एक प्रादेशिक भाषेतलं पत्र. नोटिसा आणि जाहिरात झाल्याचं प्रतिज्ञापत्र सभेच्या किमान ७ दिवस आधी. सभेनंतर अध्यक्षांचा अहवाल सीएए-४ मध्ये. न्यायाधिकरणाने मुदत दिली नसेल तर ३ दिवसांत. तिथून ७ दिवसांत सीएए-५ मध्ये सेकंड मोशनची, म्हणजे योजना मंजूर करून मागणारी, याचिका. सुनावणीची जाहिरात त्याच वर्तमानपत्रांत, किमान १० दिवस आधी.

बहुतेक फाइली इथेच घसरतात आणि कारणं ठरलेली असतात.

पहिलं, जाहिरात. एक कंपनी पणजीची, एक पुण्याची. पुणे आवृत्तीत जाहिरात दिली आणि ती गोवा आवृत्तीत आलीच नाही, तर 'अ' च्या भागधारकांपुरती जाहिरात झालीच नाही असं म्हणायला वाव राहतो. अर्जातच वर्तमानपत्राचं नाव आणि आवृत्ती लिहा, म्हणजे आदेशातही तसंच येईल.

दुसरं, हिशेब. शेवटचे वार्षिक हिशेब ज्या वर्षाचे, ते वर्ष संपून सभेच्या दिवशी सहा महिने उलटले असतील तर कलम २३२(२)(ङ) प्रमाणे पुरवणी हिशेबपत्रक लागतं. मार्चअखेरचे हिशेब घेऊन ऑक्टोबरात सभा घेणाऱ्याला हे हमखास लागू होतं. अर्ज ऑगस्टमध्ये केला म्हणून सुटका नाही, मोजायची ती सभेची तारीख.

तिसरं, मतमोजणी. मंजुरीला दोन कसोट्या आहेत: हजर राहून मत देणाऱ्यांत डोक्यांची बहुसंख्या, आणि मूल्याने तीन-चतुर्थांश. २० जणांनी मत दिलं, ९० टक्के मूल्य बाजूने, पण डोकी ९ च, तर ठराव पडला. घराण्याच्या कंपनीत मोठा वाटा दोघा-तिघांकडे आणि किरकोळ वाटे दहा-बारा नातेवाइकांकडे असतात, तिथे हेच होतं. टेबलांना अशी एक मतपत्रिका मोजायला द्याच.

चौथं, धनकोंची सभा टाळणं. कलम २३०(९) प्रमाणे मूल्याने ९० टक्के धनकोंनी प्रतिज्ञापत्रावर संमती दिली तर सभा माफ होऊ शकते. साध्या पत्रावरची संमती किंवा ईमेल चालत नाही. धनकोंची यादी ज्या तारखेची, संमतीपत्रातली रक्कमही त्याच तारखेची हवी. यादी ३० जूनची आणि बँकेच्या संमतीत ३१ मार्चचा आकडा, असं झालं की ९० टक्क्यांचा हिशेब जुळत नाही आणि पुढची तारीख पडते.

---

कागद_आधी

मूळ प्रश्न आधी विचारतो. ही फाईल न्यायाधिकरणात न्यायचीच कशाला? सप्टेंबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर कलम २३३ चा फास्ट ट्रॅक मार्ग बराच रुंद झाला आहे. पूर्वी तो छोट्या कंपन्या, स्टार्टअप, आणि होल्डिंग (मालक) कंपनी व तिची संपूर्ण मालकीची उपकंपनी यांच्यापुरता होता. आता दोन असूचीबद्ध कंपन्यांचं प्रत्येकी कर्ज, डिबेंचर आणि ठेवी मिळून २०० कोटींच्या आत असेल आणि परतफेडीत कसूर नसेल, तर त्याही येतात. लेखापरीक्षकाचं सीएए-१०ए मधलं प्रमाणपत्र जोडायचं. एकाच होल्डिंग कंपनीच्या दोन उपकंपन्याही चालतात, डीमर्जरही (धंद्याचा भाग वेगळा काढणं) चालतं.

'अ' आणि 'ब' या मापात बसतात. कंपनी मंत्रालयाच्या प्रादेशिक संचालकांकडे (आरडी) काम, खर्च कमी, आणि ६० दिवसांत आदेश आला नाही तर हरकत नाही असं धरण्याची तरतूद. पहिला प्रयोग याच मार्गावर करा.

---

सासष्टीकर

@कागद_आधी, मार्ग खुला आहे हे खरं, पण फाईल नीट वाचलीत तर ती तिथे अडते. फास्ट ट्रॅकला भागधारकांची मंजुरी *एकूण* शेअर्सच्या ९० टक्क्यांची लागते. हजर राहून मत देणाऱ्यांच्या नव्हे. मयताचे १४ टक्के शेअर्स अजून कोणाच्याही नावावर गेलेले नाहीत, त्यावर मत द्यायला कुणी नाही. उरलेले सगळे एकमताने हो म्हणाले तरी बेरीज ८६. न्यायाधिकरणाच्या मार्गात मात्र गैरहजर शेअर मोजणीतच येत नाहीत, त्यामुळे तिथे ठराव पास होतो. मांडवीतीर यांनी १४ हा आकडा याच कारणाने घातला असावा.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते परिषदेचा सर्वात मोठा तुकडा यालाच द्यावा, कारण गोव्याबाहेरच्या कुठल्याही परिषदेत हे मिळत नाही.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. विवाहपूर्व करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते, आणि त्यात कंपनीचे शेअर्सही आले. कंपनीच्या सभासद नोंदवहीत नाव एकाचं, कायद्याने अर्धा वाटा दुसऱ्याचा. आयकर कायद्यानेही हे मानलं आहे: १९६१ च्या कायद्याच्या कलम ५ए प्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं विभागलं जातं. म्हणजे शेअर विकताना होणारा भांडवली नफाही दोघांच्या विवरणपत्रात जातो. घेणाऱ्या कंपनीच्या ड्यू डिलिजन्स (व्यवहाराआधीच्या तपासणीच्या) यादीत म्हणून चार कागद वाढतात: विवाह नोंदणीचा दाखला, विवाहपूर्व करार असेल तर त्याची प्रत, जोडीदाराची लेखी संमती, आणि घटस्फोट किंवा विभक्ती झाली असेल तर वाटणीचा आदेश. बाहेरून येणाऱ्या वकिलांच्या छापील यादीत हे चारही नसतात.

मृत्यू झाल्यावर गोष्ट आणखी खोल जाते. मयताच्या १४ टक्क्यांतले ७ टक्के मुळातच पत्नीचे. वारसाहक्काने जायचे ते फक्त उरलेले ७, आणि मुलं असल्यामुळे मृत्युपत्राने मनाजोगी वाट लावता येते ती त्यातल्याही निम्म्याचीच. त्यासाठी इन्व्हेंटरीची कारवाई, म्हणजे न्यायालयात मयताच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी. आता ती 'गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कारवाई कायदा, २०१२' खाली चालते. हा कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. इन्व्हेंटरीत मालमत्तेची यादी देताना घरं, बागायती, कुळागरं सगळं लिहिलं जातं आणि शेअर्स राहून जातात. मग कंपनी ट्रान्समिशन (वारसांच्या नावावर शेअर चढवणं) करून द्यायला तयार होत नाही आणि पुन्हा न्यायालयात पुरवणी यादी द्यावी लागते. हे इतकं होतं की शेअर, डिमॅट खाती आणि भागीदारीतला वाटा यांचा नमुना तक्ताच परिषदेत वाटावा.

शेअर पुण्याच्या कंपनीचे असते तर हा कायदा लागला नसता, असा समज असेल तर तो सोडावा. होझे पावलो कुतिन्हो विरुद्ध मारिया लुइझा व्हॅलेंटिना परेरा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी सांगितलं की गोव्याचं अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी तिच्या वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागतो. मुंबई-पुण्याच्या सीएस मंडळींना हा निकाल वाचून दाखवायलाच हवा.

लिस्बनच्या मुलाचा मुद्दा वेगळा: तो अनिवासी आहे. त्याच्या वाट्याला येणाऱ्या शेअर्सना परकीय चलन कायद्याचे नियम लागतील, आणि आरडीच्या अहवालात परदेशस्थ भागधारकांबाबत पालन झालं का हा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर आधीच तयार ठेवा.

---

मिरामारची_विद्यार्थिनी

सासष्टीकर सर, एक शंका. कलम २३०(४) प्रमाणे योजनेला हरकत घ्यायला किमान १० टक्के भागधारणा किंवा एकूण थकीत कर्जाच्या ५ टक्के येणं लागतं ना? मग पत्नीचे स्वतःचे ७ टक्के धरले तर तिला हरकत घेता येणार नाही, आणि १४ धरले तर येईल. नोंदवहीत तर तिचं नावही नाही. नेमकं काय मांडायचं?

---

सासष्टीकर

प्रश्न अगदी वर्मावर आहे, आणि त्याला एका ओळीचं उत्तर नाही. कंपनीपुरता भागधारक म्हणजे नोंदवहीतलं नाव. त्या बाजूने पाहिलं तर पत्नी आज भागधारकच नाही. दुसऱ्या बाजूने, इन्व्हेंटरी चालू असताना कुटुंबप्रमुख म्हणून नेमलेली व्यक्ती सगळ्या अविभाजित मालमत्तेची व्यवस्था पाहते. त्या नात्याने १४ टक्क्यांसाठी बोलते असं ती म्हणू शकेल. यावर दोन विद्यार्थी दोन बाजूंनी उभे करा, प्रत्येकी दहा मिनिटं. तुम्ही एक बाजू घ्या.

पण व्यवहारात सल्ला एकच: हरकतीच्या उंबरठ्यावर भिस्त ठेवू नये. न्यायाधिकरण योजना न्याय्य आणि वाजवी आहे का हे स्वतः पाहतं. मिहीर मफतलाल विरुद्ध मफतलाल इंडस्ट्रीज या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या तपासणीच्या कसोट्या घालून दिल्या: कायद्याची प्रक्रिया पाळली का, सभेपुढे पुरेशी माहिती होती का, बहुमत प्रामाणिक होतं का, योजना सार्वजनिक धोरणाविरुद्ध तर नाही ना. व्यापारी शहाणपणाच्या जागी न्यायालय स्वतःचं मत ठेवत नाही. मात्र विधवेच्या वाट्याबद्दल नोटिशीसोबतच्या स्पष्टीकरणात अवाक्षर नसेल, तर 'पुरेशी माहिती' या कसोटीवरच योजना अडचणीत येते. म्हणून ते स्पष्टीकरणात लिहा आणि तिला नोटीस पाठवा.

---

हिशेब_तपासनीस

कराचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, माणसं ताजी असताना.

'अ' चं हॉटेल हा फाईलमधला सर्वात मोलाचा घटक आहे. आयकर कायदा १९६१ च्या कलम ७२ए प्रमाणे साचलेला तोटा विलीन करून घेणाऱ्या कंपनीला तिच्या नफ्यातून वजा करायला मिळतो, पण विलीन होणारी कंपनी औद्योगिक उपक्रम, जहाज किंवा *हॉटेल* यांची मालक असेल तरच (बँका वगैरेंची सोय वेगळी). गोव्यात हे कलम वारंवार कामाला येतं ते हॉटेलमुळे.

अटी टेबलावर तपासायला लावा. तोटा ज्या धंद्याचा, त्या धंद्यात 'अ' किमान तीन वर्षं असली पाहिजे. विलीनीकरणाआधीची दोन वर्षं स्थिर मालमत्तेच्या पुस्तकी मूल्यातला तीन-चतुर्थांश भाग तिने सलग बाळगलेला हवा. 'ब' ने तो तीन-चतुर्थांश पुढे पाच वर्षं ठेवायचा आणि धंदाही पाच वर्षं चालवायचा. विलीनीकरणानंतर तिसऱ्या वर्षी हॉटेलची इमारत विकायचा बेत असेल, तर आधी घेतलेली तोट्याची वजावट त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून परत अंगावर येते. प्रवर्तकांना हे योजना लिहिण्याआधी विचारायचं असतं.

१ एप्रिल २०२५ पासूनच्या विलीनीकरणांना आणखी एक बंधन आहे. तोट्याची आठ वर्षं आता मूळ तोटा झाला त्या वर्षापासून मोजायची. पूर्वी विलीनीकरण झालं की आठ वर्षं नव्याने सुरू व्हायची. फाईलमधला तोटा चार वर्षांचा आहे, म्हणजे सर्वात जुन्या तुकड्याला हातात निम्माच काळ उरला. वर्षवार तक्ता करायला लावा.

नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. प्रत्येक पानावर जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक छापा. नाहीतर अर्धा वेळ 'हे कुठलं कलम' यातच जाईल.

अपॉइंटेड डेटचं, म्हणजे विलीनीकरण ज्या दिवसापासून धरायचं त्या तारखेचं, आता. कंपनी मंत्रालयाचं २१ ऑगस्ट २०१९ चं ९/२०१९ क्रमांकाचं परिपत्रक प्रत्येकाच्या हातात द्या. तारीख ठरावीक दिवसाची असू शकते किंवा एखाद्या घटनेशी बांधलेली, जसं परवाना मिळण्याचा दिवस. अर्जाच्या तारखेपासून वर्षाहून बरीच मागची तारीख घेतली तर कारण योजनेत लिहावं लागतं. 'जुना तोटा मिळावा म्हणून' एवढंच कारण पुढे करू नका.

एक प्रसंग तर नाट्यरूपातच करा: आयकर खात्याची नोटीस 'अ' च्या नावाने, विलीनीकरण अमलात आल्यावर. मारुती सुझुकी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये असं कर-मूल्यांकन (असेसमेंट) रद्द ठरवलं, कारण कंपनी अस्तित्वातच नव्हती आणि खात्याला ते कळवलेलं होतं. पण महागुन रिअल्टर्स प्रकरणात, एप्रिल २०२२ मध्ये, उलट निकाल लागला. तिथे विलीनीकरणाची बाब खात्यापुढे नीट उघड केली नव्हती, आणि विवरणपत्र जुन्या नावानेच भरलं होतं. कामाचा धडा सरळ आहे: आदेश हातात आला की मूल्यांकन अधिकाऱ्याला लेखी कळवा, पोच घ्या, आणि जुन्या पॅनवर पुढे काहीही भरू नका.

---

पर्वरीहून

गोव्यातल्या मंडळींना जुना संदर्भ माहीत असावा म्हणून लिहितो. २०१६ पर्यंत अशा याचिका उच्च न्यायालयात चालायच्या. सेसा गोवा आणि स्टरलाइट यांच्या विलीनीकरणाला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एप्रिल २०१३ मध्ये मंजुरी दिली. स्टरलाइटचं नोंदणीकृत कार्यालय तुतुकुडीला असल्याने मद्रास उच्च न्यायालयाचीही मंजुरी लागली, ती जुलैमध्ये आली, आणि ऑगस्टमध्ये विलीनीकरण अमलात आलं. स्टरलाइटच्या ५ शेअर्समागे सेसा गोवाचे ३, हे प्रमाण. दोन न्यायालयं, दोन वेळापत्रकं, आणि दोन्ही आदेश येईपर्यंत योजना अमलात येत नाही, हे शिकवायला याहून चांगलं गोव्याचं उदाहरण नाही. कलम २३० ते २३३ हे १५ डिसेंबर २०१६ ला लागू झाल्यापासून गोव्याच्या कंपनीला एनसीएलटीसाठी मुंबईचा कफ परेड गाठावा लागतो. आरओसीचं (कंपनी निबंधकाचं) कार्यालय मात्र पणजीत पाटोला आहे.

मुद्रांक शुल्कावर निदान एक तास ठेवा. हिंदुस्तान लिव्हर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००४: मंजुरीचा आदेश हाच दस्तऐवज, शुल्क लागतं. आदेश मुंबईत निघणार, म्हणजे महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचा अनुच्छेद २५(डीए). सूत्र असं: दिलेल्या शेअर्सच्या बाजारमूल्याच्या १० टक्के, पण कमाल मर्यादा दोनपैकी जी मोठी ती. एक, विलीन होणाऱ्या कंपनीच्या महाराष्ट्रातल्या स्थावर मालमत्तेच्या ५ टक्के. दोन, दिलेल्या शेअर्सच्या बाजारमूल्याच्या ०.७ टक्के. 'अ' ची महाराष्ट्रात जमीन नाही, म्हणून पहिला आकडा शून्य. 'ब' ने ४० कोटींचे शेअर्स दिले तर दुसरा २८ लाख. भरायचे २८ लाख.

आणि गोष्ट इथे संपत नाही, कारण हॉटेल कळंगुटला आहे. गोव्यात १८९९ चा भारतीय मुद्रांक कायदा राज्याच्या दुरुस्त्यांसह लागू आहे, आणि हॉटेलच्या जागेवर 'ब' चं नाव चढवायला गोव्यातही मूल्यनिश्चिती करून घ्यावी लागते. एकीकडे भरलेलं दुसरीकडे वजा मिळेल या आशेवर बजेट मांडू नये. रिलायन्सच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ३१ मार्च २०१६ रोजी गुजरातेत भरलेल्या शुल्काची वजावट नाकारली होती. महाराष्ट्रात उशीर झाल्यास दरमहा २ टक्के दंड. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की त्याच आठवड्यात अर्ज करा.

पिळर्णच्या प्लॉटचा मालक औद्योगिक विकास महामंडळ आहे, 'अ' फक्त भाडेपट्टेदार. योजनेत 'सर्व हक्क आपोआप हस्तांतरित होतील' असं वाक्य असतं, त्यावर विसंबून परवानगी न मागता बसणं चूक. महामंडळाचं पत्र सभेआधी मिळवा, हस्तांतर शुल्काचा आकडा लेखी घ्या. हॉटेलच्या परवान्यांचंही तसंच: अबकारी परवाना, पर्यटन खात्याची नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, पंचायतीचा व्यवसाय परवाना, अन्नसुरक्षा परवाना. प्रत्येक खात्याला आदेशाची प्रत आणि स्वतंत्र अर्ज. अबकारी परवाना जुन्या नावावर असताना नव्या कंपनीच्या बिलावर मद्य विकलं जातं, ही सर्वात धोक्याची चूक. अमलाची तारीख त्यामुळे परवान्यांनुसार ठरवावी.

---

मुक्काम_म्हापसा

व्यवस्थेबद्दल लिहितो.

तारीख: फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. सप्टेंबर ते नोव्हेंबर वार्षिक सभा, एओसी-४ आणि एमजीटी-७ या वार्षिक फॉर्मच्या मुदती, कुणी मोकळा नसतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), पणजीत खोल्या मिळत नाहीत. ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, मग नाताळ, दर दुप्पट. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो, दहा दिवसांत वित्त विधेयक वाचून होतं आणि कराच्या सत्राला ताजा मजकूर मिळतो. कार्निव्हलची तारीख दर वर्षी बदलते, ती तेवढी पाहून घ्या.

जागा: दोनापावलचं इंटरनॅशनल सेंटर किंवा पणजीतलं सपाट जमिनीचं सभागृह. पायऱ्यांचं नाट्यगृह नको, टेबलं मांडता येत नाहीत. गोल टेबलाला ८ माणसं, मध्ये फाइली, प्रत्येक टेबलाला विजेचा एक बोर्ड.

वाहतूक: मोपा विमानतळ पणजीपासून साधारण ३५ किलोमीटर, दाबोळी त्याहून जवळ. तिकिटावर कुठला विमानतळ आहे हे नोंदणीच्या अर्जातच विचारा. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी पणजीला सर्वात जवळ, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. थिवी किंवा मडगाव धरा. ठरलेल्या वेळेच्या मिनीबस ठेवा, टॅक्सीवर सोडू नका.

जीएसटी: हॉटेलच्या खोलीवर गोव्याचा राज्य जीएसटी लागतो, कारण पुरवठ्याची जागा म्हणजे इमारत जिथे आहे ती. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याची वजावट मिळत नाही. म्हणून परिषदेचं शुल्क आणि खोलीचं भाडं यांची बिलं वेगळी द्या. एकत्र बिल दिलं की कंपन्यांचे हिशेबनीस महिनाभर फोन करत राहतात.

प्रायोजक: वकिली फर्मचे फलक लावताना बार कौन्सिलच्या नियम ३६ चं भान ठेवा. वकिलाला जाहिरात करून काम मागता येत नाही. सॉफ्टवेअर कंपन्या, बँका, मूल्यांकनकार चालतील. सीएस मंडळींना क्रेडिट तास हवे असतील तर कंपनी सचिवांच्या संस्थेकडे अर्ज आधी, कार्यक्रमपत्रिकेसह. मागाहून मिळत नाहीत.

---

कागद_आधी

सासष्टीकर, ८६ ची बेरीज मान्य. देव बरें करूं. फास्ट ट्रॅक मग 'का बसत नाही' हे दाखवण्यासाठी अर्धा तास ठेवा, तेवढं पुरे. आणि इन्व्हेंटरी आधी पूर्ण करून मग फास्ट ट्रॅकला जाणं परवडतं का, ही तुलना टेबलांना करायला द्या.

एका गोष्टीवर मात्र ठाम आहे. सव्वाशे माणसं म्हणजे १५-१६ टेबलं. प्रत्येक टेबलावर अनुभवी माणूस नसेल तर फॉर्म कोरे राहतात आणि मंडळी चहाला जातात. दोन टेबलांमागे एक मार्गदर्शक, म्हणजे आठ जण. नेहमीचे आठ वक्ते आहेतच, त्यांना व्यासपीठावरून खाली आणून टेबलांमध्ये फिरवा. प्रत्येक टेबलावर एक सीएस, एक सीए, एक वकील हे नोंदणीच्या वेळीच ठरवा. विद्यार्थी टेबलामागे दोनच, आणि कागद लिहायचं काम त्यांच्याकडे.

स्पर्धा आयोगाचं सत्र २० मिनिटांत आवरा. 'अ' च्या मालमत्ता आणि उलाढालीच्या आकड्यांना आयोगाची मंजुरी लागत नाही. १० सप्टेंबर २०२४ पासून २००० कोटींचा व्यवहारमूल्याचा निकष आला, मंजुरीची कमाल मुदत २१० वरून १५० दिवसांवर आली, आणि साध्या फॉर्म एकचं शुल्क ३० लाख आहे. एवढं सांगून पुढे जा. सेबीचं सत्रही नको. सूचीबद्ध कंपनी असती तर न्यायाधिकरणाआधी शेअर बाजाराचं निरीक्षणपत्र लागलं असतं, आणि त्याची मुदत सहा महिने. ही माहिती एका ओळीत मावते.

---

फोंड्याची_सीएस

मंजुरीनंतरच्या कामांना शेवटचे दोन तास द्या. आदेश आला की मंडळी सुटल्यासारखी होतात आणि चुका तिथेच होतात.

प्रमाणित प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत आदेश दाखल करायचा फॉर्म आयएनसी-२८, दोन्ही कंपन्यांनी. 'अ' चा फॉर्म पणजीच्या आरओसीकडे, 'ब' चा पुण्याच्या. 'अ' च्या अधिकृत भांडवलावर पूर्वी भरलेलं शुल्क 'ब' च्या वाढीव शुल्कातून वजा मिळतं, पण योजनेत तसं कलम आणि घटनापत्राच्या पाचव्या कलमाची नवी शब्दरचना असेल तर. नसेल तर आरओसी पूर्ण शुल्क मागतात. मग शेअर वाटप, पीएएस-३. मयताच्या १४ टक्क्यांच्या बदल्यात 'ब' चे जे शेअर्स निघतील ते कोणाच्या नावाने, याचं उत्तर योजनेतच असावं: इन्व्हेंटरीचा आदेश येईपर्यंत ते स्थगित ठेवायचे, की विश्वस्ताकडे द्यायचे. हे लिहिलं नाही तर वाटपाचा फॉर्म भरता येत नाही.

त्यानंतर योजना पूर्ण अमलात येईपर्यंत दर वर्षी अंमलाचं विवरण सीएए-८, आर्थिक वर्ष संपल्यापासून २१० दिवसांत. सनदी लेखापाल, खर्च लेखापाल किंवा कंपनी सचिवाच्या प्रमाणपत्रासह. १४ टक्के लटकलेले असतील तर हा फॉर्म चुकवता येत नाही. आणि कलम २३९: 'अ' ची जुनी दप्तरं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नष्ट करायची नाहीत. हॉटेलचं नूतनीकरण करताना तळघरातल्या फाइली भंगारात जातात. त्यांची यादी करून 'ब' च्या ताब्यात द्या.

---

मांडवीतीर

सर्वांचे मनापासून आभार. एवढं ठरलं असं धरतो: फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, १६ टेबलं, ८ मार्गदर्शक. पहिल्या दिवशी सकाळी फर्स्ट मोशन, दुपारी गोव्याचा कौटुंबिक कायदा आणि शेअर्स, त्यात दोन विद्यार्थ्यांचा वाद. दुसऱ्या दिवशी कर, मग मुद्रांक व परवाने, शेवटी मंजुरीनंतरची कामं. सेबी वगळलं, स्पर्धा आयोग २० मिनिटं.

फाईलमध्ये तीन भर घालतो: कळंगुटच्या जागेचा एक-चौदाचा उतारा (गोव्याचा जमिनीचा नोंद-उतारा), धनकोंची यादी (एका बँकेची तारीख मुद्दाम चुकलेली), आणि २० सभासदांची मतपत्रिका.

मूल्यांकनाचा तुकडा अजून कुणी घेतलेला नाही. कलम २४७ खालचा नोंदणीकृत मूल्यांकनकार हवा, हॉटेलच्या जागेचं आणि चालत्या धंद्याचं असं दोन्ही मूल्य काढून अदलाबदलीचं प्रमाण मांडणारा. आकडे मी देतो: 'अ' चे १० लाख शेअर्स, 'ब' चे २५ लाख, दोन्हींचे तीन वर्षांचे ताळेबंद. कोण तयार आहे ते इथेच लिहा.